शेवंताचं पान

गोष्ट ऐकताना ‘मग?’ न विचारणाऱ्या पोराचा मला अजूनही राग येतो. माझा नातू त्यातलाच. गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं त्याच्यापुढे पसरलेली असतात, मी चष्मा लावून जीव तोडून वाचत असते आणि हा पठ्ठ्या छताकडे बघत बसतो. सून म्हणते, "आई, ऐकतोय तो." ऐकत असेल बाई! पण दौलत गुरुजी असते, तर त्यांनी ती गोष्ट तिथल्या तिथे काट मारून टाकून दिली असती.

घाटंजीच्या पुढे, कच्च्या रस्त्यावर, आमची दोन शिक्षकांची शाळा होती. एक ते आणि एक मी. आमच्याकडच्या पुष्कळ लोकांनी नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे रुजू झाले. दौलत गुरुजीही त्यांतलेच. मी यवतमाळात वाढलेली, नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेली. अंगात शहाणपण मावत नव्हतं. माझी शुद्ध भाषा ऐकून ते पहिल्याच दिवशी हसून म्हणाले, "तुमी त पुस्तकातल्या बाई दिसता!" ते नाव मला पुढे कायमचं चिकटलं.

उंच, काटकुळे, पाठीत थोडे वाकलेले. डोक्यावर टोपी आणि उजव्या कानावर पेन्सिल. पेन्सिलीच्या सवयीनं तो कान बाहेर आला होता. पोरांशी बोलायचं तर उकिडवे बसून, त्यांच्या डोळ्याला डोळा लावून बोलायचे. गोष्ट सांगता सांगता पुढचं सुचेनासं झालं की टोपी काढायची, तिच्यात एक फुंकर मारायची आणि पुन्हा डोक्यावर ठेवायची. त्या फुंकरीनं त्यांना खरंच सुचायचं. पोरं तर गोष्ट अडली की ओरडायची, "गुरुजी, टोपी फुका!"

ते गोष्टी लिहायचे. जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर, बारीक अक्षरात. लिहिलेली गोष्ट आधी पोरांना सांगायची आणि पोरांनी ‘मंग?’ म्हटलं की समासात एक उभी रेघ ओढायची. ज्या गोष्टीच्या समासात रेघा नाहीत तिच्यावर आडवी काट. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, ही गोष्ट किती छान होती, भाषा किती सुंदर होती!" तर म्हणाले, "भाषा तुमाले आवडली, बाई. पोट्टे त उठून पानी प्याले गेलते."

वर्गाच्या कोपऱ्यात त्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात मुलांची जुनी पुस्तकं आणि मासिकं भरलेली. कुठे रद्दीत, कुठे बाजारात मिळालेली; काहींना वेष्टण नाही, काहींची शेवटची पानं नाहीत. पण लावलेली कशी, तर वयाप्रमाणे. सगळ्यात म्हातारं पुस्तक तळाशी. एका पावसाळी दुपारी वर्गात चारच पोरं आली होती, तेव्हा त्यांनी ती सगळी पेटी माझ्यापुढे उपसली.

"पहा बाई. पहिले पहिले पोरायसाठी पुस्तकं निघाली, ते वळन लावाले. पानापानावर खोटं बोलू नये, चोरी करू नये. जसं काही पोट्टा म्हनजे चोरच!" त्यांनी ते पुस्तक बाजूला ठेवलं. "मंग हे राजा-रानी आले. मंग दुसऱ्या देशातून पऱ्या आल्या, राक्षस आले. बम मजा आली पोरायले. मंग मासिकं निघाली, कोडे आले, चित्रं आले. आता हा पहा नवा. शहरातला पोट्टा. याले ट्राम हाय, याच्या घरासमोर समुद्र हाय, याले शिंक आली त डाक्टर येते. चांगला हाय बिचारा, याच्यावर माह्या काही राग नाही."

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"आपला पोट्टा कोठी हाय याच्यात? कापूस वेचाले जानारा, बकऱ्या चारनारा, तांड्यातला, कोलामायच्या पोडावरचा? एवढे सगळे येऊन गेले पुस्तकात. आपला अजून आलाच नाही."

"येईल की."

"येऊन राह्यला," ते म्हणाले आणि पेटी पुन्हा भरू लागले. "पायी हाय ना, म्हनून टाइम लागून राह्यला."

त्या पोराला पुस्तकात आणायचं, एवढाच ध्यास त्या माणसाला होता. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. पगाराचा माणूस, पण अंगावर दोनच सदरे. मी त्यांना चिडवायची, की गुरुजी, तुमच्या गोष्टीतल्या पोराला तरी नवा सदरा शिवा. तर म्हणायचे, "त्याच्या बापाले नाही, त्याले कोठून येईन?"

चौदा गोष्टी त्या काटछाटीतून वाचल्या. त्यांची त्यांनी एक जाड वही शिवली. वहीची तऱ्हा अशी, की डाव्या पानावर गोष्ट आणि उजवं पान कोरं. शाळेत चाळीस पोरं होती. वही रोज एकाच्या घरी जाणार. घरच्यांना त्यानं गोष्टी वाचून दाखवायच्या, एका कोऱ्या पानावर चित्र काढायचं आणि मागच्या पानावर आईबापाची सही किंवा अंगठा घेऊन सकाळी आणून द्यायची. याला आम्ही पाळी म्हणायचो. वही मोहल्ल्यात सायकलवाल्या चाचांकडे जाई, बंजाऱ्यांच्या तांड्यात जाई, कोलामांच्या पोडावर जाई, बौद्ध वस्तीत जाई. गावातल्या एका मोठ्या घरानं निरोप धाडला, वस्तीतून आलेली वही आमच्या घरात नको. गुरुजी शांतपणे म्हणाले, "बरं. मंग तुमची पाळी सोडून पुढं जाईन." त्या घरचा पोरगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आजी स्वतः शाळेच्या दारात आली आणि वही पदरात घेऊन गेली.

एकदा तपासणीला साहेब आले. वही चाळता चाळता एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "याडी म्हणजे काय?"

"माय, साहेब."

"मग माय लिहा. आई लिहा."

"लिवली हाय ना साहेब, दुसऱ्या गोष्टीत. पन हा पोट्टा तांड्यातला हाय. त्यानं आई म्हटलं त त्याची याडी ओ देनार नाही." साहेबांना हसू आवरलं नाही. मला मात्र घाम फुटला होता.

पुण्याच्या एका प्रकाशकाला त्यांनी दोन गोष्टी नमुन्याला पाठवल्या होत्या. माझ्या आग्रहाखातर, हे मी मुद्दाम सांगते. एक दिवस कार्ड आलं, की गोष्टी फार आवडल्या, संपूर्ण हस्तलिखित चित्रांसह ताबडतोब पाठवा. मी आनंदानं ओरडलेच. गुरुजींनी कार्ड तीनदा वाचलं, टोपीत ठेवलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"मी आज रात्रीपासून नक्कल करते," मी म्हटलं. "एकच प्रत आहे गुरुजी, आणि ती पोरांच्या हातात फिरतेय. काही झालं म्हणजे?"

"अधुऱ्याची नक्कल कायले करता? एकतीस चित्रं झाली, नऊ राह्यली. ज्याचं चित्र आलं नाही तो म्हनीन ना, मी काहून नाही पुस्तकात? पहिले पोट्टे, मंग पुनं."

मी हट्ट धरायला हवा होता. चोरून नक्कल करायला हवी होती. वही सकाळी तासभर माझ्या टेबलावर असायची आणि मी तिच्यातली चित्रं बघून हसत बसायची.

त्या उरलेल्या नवांत शेवंता होती. तिसरीतली, खिडकीशी बसणारी. खिडकीशी अशासाठी, की बाहेर तिची लंगडी नावाची बकरी बांधलेली असायची आणि तिच्याकडे एक डोळा ठेवावा लागायचा. बकरी एका पायानं अधू म्हणून लंगडी. शेवंता काळीसावळी, दातात फट असलेली, आणि ‘मंग?’ विचारण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. गोष्ट संपली तरी विचारायची. "संपली ना पोरी," गुरुजी म्हणायचे. "हो, पन मंग?" त्या समासातल्या निम्म्या रेघा एकट्या शेवंताच्या. गुरुजी प्रत्येक गोष्ट आधी तिला सांगायचे आणि मग वर्गाला.

ती मावशीच्या घरच्या लग्नाला राजूरला गेली होती. खाणीच्या वस्तीतून परत आली ती ताप घेऊनच. देवीची लस टोचणारा माणूस आमच्या गावात आला, तेव्हाही ती कुठेतरी बाहेरगावीच होती. तिचा बाप शाळेत आला आणि दाराशी घुटमळत म्हणाला, "गुरुजी, पोरगी तापात वही मांगून राह्यली. तिची पाळी पाचवी हाय म्हने. पन लय रडून राह्यली."

गुरुजी पाळी मोडायला तयार नसत. सायकलवाल्या चाचांचा धाकटा रज्जाक पुढच्या बाकावर बसला होता, त्या दिवशी पाळी त्याची होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "द्या की गुरुजी. ताप तर आहे. तेवढंच पोरीला बरं वाटेल." मीच म्हटलं. गुरुजींनी रज्जाकला विचारलं, त्यानं मान डोलावली आणि वही शेवंताकडे गेली.

तिसऱ्या दिवशी कळलं की तो साधा ताप नव्हता. देवी आल्या होत्या.

पुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. लस टोचणारे पुन्हा आले, पोरं रांगेनं रडली. त्या घराकडे कुणी फिरकेना. गावातली काही माणसं नको ते बोलली, की या लोकांनी दीक्षा घेऊन मातामायले सोडलं म्हणून ती देवी कोपली. दौलत गुरुजी रोज जाऊन अंगणाबाहेर उभे राहायचे आणि आतल्या शेवंताला ऐकू जाईल अशा आवाजात गोष्ट सांगायचे. पहिले दोन-तीन दिवस आतून बारीक ‘मंग?’ यायचं. मग यायचं थांबलं. एका पहाटे शेवंता गेली. नऊ वर्षांची पोर.

तिचा बाप दोन दिवसांनी वही घेऊन आला. लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. शाळेच्या पायरीवर ठेवली, लांब जाऊन उभा राहिला आणि निघून गेला. प्रार्थनेची वेळ झाली होती. तेवढ्यात रज्जाक धावत आला. "गुरुजी, आता माही पाळी ना?" त्याच्यामागे आणखी चार-पाच पोरं. सगळ्यांचे हात पुढे.

"कोनी हात लावाचा नाही!" गुरुजी ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पोरांना मी आत कोंडल्यासारखं केलं. गुरुजींनी काठीनं ते बोचकं उचललं, मैदानाच्या कडेला नेलं, त्याच्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. फडक्याची गाठसुद्धा सोडली नाही. मी दारात उभी होते, मी डोळ्यांनी पाहिलं. वही जाड होती, जळायला वेळ लागला. गुरुजी शेवटपर्यंत काठीनं पानं उलथीपालथी करत राहिले, एकही कोपरा राहू नये म्हणून. मग आत आले, फळ्यावर बेरजा लिहिल्या आणि म्हणाले, "करा."

पोरांच्या जिवापुढे चौदा गोष्टी काय! त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. नंतर एका डॉक्टरांनी मला सांगितलं, चार दिवस कडक उन्हात ठेवली असती तर कदाचित चाललं असतं. कदाचित. हे मी गुरुजींना कधीच सांगितलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी पार्बता आली. शेवंताची आई. निंदणाला जाता जाता आली असावी, कमरेला विळा खोचलेला होता. दाराशी बसली. मग म्हणाली, "गुरुजी, तिचं पान देता का?"

गुरुजी उठून दाराशी आले.

"अंगावर पुरळ आलं ना, त्या दिवशी ताप उतरला होता तिचा. उठून बसली. दिवसभर त्या वहीत चित्र काढून राह्यली होती. रंगाले हळद लावली, कुकू लावलं. मी म्हटलं दाखव त म्हने, नाही, पहिले गुरुजीले दाखवीन." तिनं पदरानं नाक पुसलं. "तिचे कपडे जाळले, गोधडी जाळली. घरात तिचं काहीच नाही राह्यलं. तेवढं पान द्या."

गुरुजींनी टोपी काढली, हातात नुसती धरली. फुंकर मारली नाही. मग तिच्यासमोर उकिडवे बसले.

"पार्बता, वही मी जाळली. पोरायच्या जिवाले भेव होतं. जाळा लागली मले."

पार्बता पदर सावरून उठायला लागली.

"पन तिचं पान मी पाह्यलं," गुरुजी म्हणाले. "जाळाच्या पहिले पाह्यलं."

"काय काढलं होतं तिनं?"

"लंगडी काढली होती. चारही पाय बरोबर होते तिचे. अन् नदी. नदीच्या काठावर शेवंता उभी होती. हळदीचं पिवळं झंपर."

"पिवळंच पाहिजे होतं तिले," पार्बता म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.

ती गेल्यावर गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमी काही पाह्यलं नाही."

"नाही गुरुजी," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांच्या कानावर पेन्सिल दिसली नाही. पुण्याहून दुसरं कार्ड आलं, त्याला त्यांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं, की पुस्तक झाले नाही. मी रात्र-रात्र जागून आठवतील त्या गोष्टी उतरवून काढल्या. कथानकं सगळी आठवली, नावंसुद्धा. वर्गात वाचून दाखवल्या. पोरं गुपचूप ऐकत होती, शहाण्यासारखी. एकानंही ‘मंग?’ विचारलं नाही. मी ते कागद घरी नेऊन चुलीत घातले. पुस्तकातल्या बाईंना ते जमणारं नव्हतं. गुरुजी आता गणित शिकवायचे, भूगोल शिकवायचे. पोरं म्हणायची, "गुरुजी, गोष्ट!" तर म्हणायचे, "पाढे म्हना."

फक्त घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, परतताना, ते पार्बताच्या अंगणात थांबायचे. ती विचारायची, चित्रात अजून काय होतं? आणि ते सांगायचे.

पुढे माझं लग्न झालं आणि मी कळंबला गेले. तीन-चार वर्षं तिकडे जाणं झालं नाही. मग कुणीतरी सांगितलं, दौलत गुरुजी रिटायर झाले, तब्येत काही बरी नाही. तेव्हा एका बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम गेले. दिवस मावळायला अजून वेळ होता. त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "पार्बताच्या आंगनात असतीन पहा. बसल्या जागेवरून उठवत नाही मानसाले, पन तठी जाते."

कुंपणापाशी पोचले आणि आवाज कानावर आला. खोल गेलेला, थकलेला, पण तोच. मी तिथेच थांबले. गुरुजी जमिनीवर बसले होते, उकिडवं बसणं आता जमत नसावं. पार्बता समोर सूप घेऊन तूर पाखडत होती. दारात एक म्हातारी बकरी बसलेली.

"...तठून शेवंता सातवी पास झाली," गुरुजी सांगत होते. "यवतमाळले गेली शिकाले. पान्याच्या टाकीच्या बाजूनं शाळा काढली होती तिनं, खिडक्या निळ्या. खिडकीतून पाहून राह्यली होती."

"लंगडी कोठी होती?"

"बाहेर. बांधली होती."

"मंग?"

गुरुजींनी टोपी काढली. तिच्यात फुंकर मारली.

"मंग ट्रेनिंग झालं तिचं. मास्तरीन झाली. पिवळं लुगडं काढलं होतं. समोर पोट्टे काढले होते, लहान लहान, असे रांगेनं. सगळ्यायचे तोंड उघडे. शेवंता त्यायले गोष्ट सांगून राह्यली होती."

वहीचं एक पान केवढं असतं, हे पार्बताला कळत नव्हतं असं नाही. चाळीस पोरांच्या पाळीत तिनंही त्या वहीला हात लावलेला होता. तिच्या थोरल्याची पाळी आली तेव्हा तिचा अंगठा मीच बघितला होता, मागच्या पानावर, निळ्या शाईत. तिनं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि दोन्ही गुडघ्यांना मिठी मारून पुढे सरकून बसली.

"मंग?" ती म्हणाली.

गुरुजींचा हात कानाकडे गेला. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी बोटानं मातीत एक उभी रेघ ओढली. त्यांच्या बाजूला त्या अंगणात अशा पुष्कळ रेघा होत्या.

मला पुढे जाववेना. त्यांच्यासाठी आणलेली गुळपोळी पिशवीत तशीच होती. कुंपणाला हात धरून थोडा वेळ उभी राहिले आणि त्यांना न भेटताच मागं फिरले.